टेकडी तयार आहे, भट्टी तेवढी राहिली

आमच्या महापालिकेचं घनकचरा अभ्यास शिष्टमंडळ कोपनहेगनहून सुखरूप परतलं. जुन्या जकात नाक्यावर (जकात जाऊन वर्षं झाली, नाका शाबूत आहे) ढोल-ताशे, जेसीबीतून फुलं आणि फटाक्यांची दहा हजारांची माळ, असं जंगी स्वागत झालं. 'अभ्यास दौरा यशस्वी करून परतलेल्या माननीयांचे हार्दिक अभिनंदन' हा फ्लेक्स सिग्नलच्या दिव्यांवरच लावल्यामुळे तो न वाचता कुणालाही पुढे जाता आलं नाही. स्वागताचा कचरा तिसऱ्या दिवशी उचलला गेला.

दौरा अविस्मरणीय झाला, पण मनस्ताप फार, असं माननीयांचं एकमत आहे. एकमत होण्याचा असा योग सभागृहात सहसा येत नाही. पहिला मनस्ताप सूर्याचा. दिवस जूनचे, त्यामुळे तिकडे रात्रीचे दहा वाजत आले तरी हा गृहस्थ मावळायचं नाव घेईना. सूर्यास्ताआधी ग्लासला हात न लावण्याचा ज्यांचा नेम आहे, त्यांचे फार हाल झाले. जेवायला काळा पाव, त्यावर थंड मासा. नगरसेविका ताईंनी बरणीभर ठेचा नेला होता, तो दुसऱ्याच दिवशी खरवडून संपला. भेटायला आलेला अभियंता सायकलवरून आला. त्यामुळे तो अधिकारी असेल यावर कुणाचा विश्वास बसेना. एका माननीयांनी त्याच्या हातात आपली बॅगही दिली. त्यानं ती निमूटपणे उचलली, ही त्या देशाची संस्कृती.

शाल-श्रीफळ इकडूनच नेलं होतं. शाल अभियंत्यानं आनंदानं गुंडाळली. नारळ मात्र दोन्ही हातांत धरून तो भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत उभा राहिला. डेन्मार्कमध्ये घरचा कचरा दहा प्रकारांत वेगळा करावा लागतो: खरकटं, कागद, पुठ्ठा, काच, धातू, कापड वगैरे. आतलं खोबरं कळलं, करवंटी कुठे? शेंडी कापडात धरायची का? त्यानं हे प्रश्न गंभीरपणे विचारले. अध्यक्षसाहेबांनी 'आमच्याकडे सगळं एकातच जातं' असं सांगून त्याला मोकळं केलं.

मग मुख्य दर्शन झालं. अमागर बाक्के नावाची ती भट्टी 2017 पासून कचरा जाळून वीज आणि घरांना ऊब देते. इमारत 85 मीटर उंच, आणि 2019 पासून तिच्या उतरत्या छपरावर लोक स्कीइंग करतात. बर्फ लागत नाही, हिरवा प्लास्टिकचा गालिचा अंथरलेला आहे. भट्टी एवढी मोठी, की पोटभर खायला घालायला स्वतःचा कचरा पुरेना, तेव्हा परदेशातून मागवावा लागला. हे ऐकून माननीयांच्या डोळ्यांत पाणी आलं. आपल्याकडे जे फुकट पडून आहे, त्याला जगात एवढा मान!

ताईंनी तेवढ्यात विचारलं, 'ओला कचरा यात जळतो का हो?' अभियंता म्हणाला, तो घरीच वेगळा होतो, त्याचा आम्ही बायोगॅस करतो. आपल्या शहरांचा निम्म्याहून अधिक कचरा ओला असतो आणि ओलं सरपण पेटत नाही, हे ताईंना चुलीमुळे ठाऊक. पुढचा प्रश्न विचारण्याआधीच ग्रुप फोटोची घाई झाली.

वाटेत बाटल्यांचं यंत्र दिसलं. रिकामी बाटली आत सरकवली, की एक ते तीन क्रोनर परत. कौतुक झालं. आपल्याकडे 2018 च्या प्लास्टिकबंदीच्या अधिसूचनेत बाटलीमागे एक-दोन रुपये परत देण्याची तरतूद होती, हे मात्र कुणाला आठवलं नाही. आठवण्यासारखं तिच्यात टेंडर नव्हतं. घरच्या घरी कचरा वेगळा करण्यातही नाही. ते 2016 च्या नियमांनीच सक्तीचं केलंय. आपण घरी ओल्या-सुक्याचा घटस्फोट करतो आणि घंटागाडी दारातच दोघांचं पुन्हा लग्न लावून देते.

अहवाल 64 पानी, आर्ट पेपरवर आहे. 41 पानांवर फोटो. मुख्य शिफारस अशी: डेन्मार्कला आधी इमारत बांधून मग टेकडी करावी लागली. आपल्या डेपोत कचऱ्याची टेकडी आधीच तयार आहे, सबब निम्मा खर्च वाचतो. उरलेल्या निम्म्यात भट्टी आणि माथ्यावर सेल्फी पॉइंट. ताईंची ओल्या कचऱ्याविषयीची टिपणी 'स्वतंत्रपणे विचारात घ्यावी' असा शेरा मारून मागे जोडली आहे.

गेल्या सर्वसाधारण सभेत भट्टीचा ठराव चर्चेविना मंजूर झाला. कचरा वर्गीकरणाचा विषय त्यानंतरचा होता, तो गणपूर्तीअभावी तहकूब झाला.