मास्तर नेमावा की मधला शोधावा?

ही मार्गदर्शिका कोरगाव, हरमल, पालये, केरी, पार्से, मांद्रे या टापूतल्या अशा फुटबॉल मंडळांसाठी आहे, ज्यांच्याकडे समितीचे सदस्य एकवीस, खेळाडू नऊ आणि चेंडू एक आहे. तुमच्याकडे खेळाडू अकरा असतील तर तुम्ही प्रगत मंडळ आहात. तुम्हाला या मार्गदर्शनाची गरज नाही. उलट दोन खेळाडू आम्हाला उसने द्यावेत.

प्रश्न दरवर्षी पडतो. चवथ आटोपते, पेडण्याची पुनव होते, भात कापून घरात येते, खाजनातला, म्हणजे खाडीकाठच्या शेतातला, चिखल वाळून टणक होतो आणि सगळ्यांना एकदम आठवते की गेल्या वर्षी आपण पहिल्याच फेरीत गारद झालो होतो. मग देवळाच्या सभामंडपात बैठक बसते. विषय एकच: या वर्षी पैसे कशावर घालायचे? बाहेरून चांगला कोच आणायचा, की मैदानाच्या मध्यभागी खेळणारा, डोके शाबूत असलेला एक खेळाडू, म्हणजेच मधला? दोन्हींना पैसे पुरत नाहीत. खरे तर एकालाही पुरत नाहीत, पण हा मुद्दा खजिनदाराने चहा झाल्यावर काढावा असा संकेत आहे.

बैठकीची सुरुवात इतिहासाने करावी. त्यात अर्धा तास जातो आणि विरोधकांपैकी निम्मे जेवायला घरी जातात. गोव्यात फुटबॉल आला तो 1883 साली शिवोलीत, फादर विल्यम रॉबर्ट लायन्स नावाच्या पाद्रींबरोबर, असे मानतात. शिवोली म्हणजे शापोरा नदीचा पलीकडचा काठ, अलीकडे आपले चोपडे. तिथून मांडवी आणि जुवारी अशा दोन नद्या ओलांडून चेंडू सासष्टीत पोचला आणि तिथे घराघरांत शिरला. आपल्याकडे यायला एकच नदी होती, तरी तो वाटेत रेंगाळला. होडीवाल्याला दोष देऊ नये. आपण तेव्हा दशावतार बघत होतो.

दशावताराचा उल्लेख उगाच केलेला नाही. आमच्या बैठकीत ‘क्वार्टरबॅक’ हा शब्द एका सदस्याच्या भाच्याने आणला. तो न्यू जर्सीत असतो आणि मामाला फोनवरून सल्ले देतो. तिकडे ज्याला फुटबॉल म्हणतात त्यात चेंडू हातात धरून पळतात आणि तो दोन्ही टोकांना निमुळता असतो. हे ऐकून एका ज्येष्ठ सदस्याने ‘म्हणजे तो नारळ’ असा शेरा मारला. तो इतिवृत्तात नोंदवला आहे. क्वार्टरबॅक म्हणजे प्रत्येक चढाईच्या आरंभी तो नारळ हातात घेऊन उभा राहणारा माणूस. समोरून चार धिप्पाड गडी अंगावर येत असताना त्याने दोन-तीन सेकंदांत ठरवायचे, की नारळ कुणाकडे फेकायचा. भाच्याचे म्हणणे असे, की तिकडच्या प्रत्येक संघात हाच वाद चालतो: आधी कोच पक्का करावा की आधी क्वार्टरबॅक?

सभासदांना हे समजावताना दशावताराचा आधार घ्यावा. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. आज कुठले आख्यान लावायचे, राजा कोण, राक्षस कोण, हे तोंडाला रंग लावता लावता ठरते आणि पुढे ज्याचे तो बोलतो. दिग्दर्शक नावाचा प्राणीच नाही. पेटीवाला आणि मृदंगवाला मात्र राजावरची नजर हलू देत नाहीत, कारण पुढे काय होणार हे फक्त त्याच्या डोळ्यांत दिसते. राजा तयारीचा असला तर पहाट कधी झाली कळत नाही. राजा कच्चा निघाला तर राक्षसालाच मरायची घाई होते. हा राजा म्हणजे क्वार्टरबॅक. फरक एवढाच की त्याला निर्णयासाठी तीन सेकंद मिळतात, आपल्या राजाला पाऊण तास.

याउलट गावातल्या पोरांनी जत्रेला हौशी नाटक बसवायचे ठरवले, की कुठून तरी तालीम मास्तर आणावा लागतो. नाटक पडले तर मास्तर वाईट, नाटक चालले तर पोरे हुशार. हा मास्तर म्हणजे कोच. एवढे सांगितले की कोरगावात पुढचे काही समजावून सांगावे लागत नाही.

यानंतर बैठकीत दोन तट पडतात. पडू द्यावेत. दोन्ही तटांना पुरावा लागतो आणि तो मुबलक आहे.

अमेरिकेचा पुरावा भाच्याने पाठवला. न्यू इंग्लंड पेट्रियट्स या संघात बिल बेलिचिक हा कोच आणि टॉम ब्रेडी हा क्वार्टरबॅक वीस वर्षे एकत्र होते. दोघांनी मिळून सहा वेळा सुपर बोल, म्हणजे तिकडचा अंतिम सामना, जिंकला. श्रेय कुणाचे यावर तिकडे घरेदारे भांडली. 2020 साली ब्रेडी टॅम्पा बेला गेला आणि त्याच हंगामात, वयाच्या 43व्या वर्षी, सातवा सुपर बोल घेऊन मोकळा झाला. बेलिचिकने 2023च्या हंगामात 17 पैकी 4 सामने जिंकले आणि पुढच्या जानेवारीत संघ सोडला. मधल्याच्या बाजूच्या तटाने टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात भाचा म्हणाला की 2000 सालच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत ब्रेडीचा क्रमांक 199 वा होता आणि त्याला उचलला होता तो बेलिचिकच्याच संघाने. टाळ्या थांबल्या. परदेशी पुराव्याचा हा तोटा आहे, तो अर्ध्यावर तोडता येत नाही. फोन तोडता येतो.

म्हणून गोव्याचा पुरावा घ्यावा. एफसी गोवाने 2014 साली कोच आणला तो थेट झिको. ब्राझीलचा झिको, ज्याचे चित्र आमच्या पिढीने वहीवर चिकटवले होते. 2015 साली संघ इंडियन सुपर लीगच्या, फातोर्ड्यात झालेल्या अंतिम सामन्यात पोचला, 2-1 असा पुढे होता आणि शेवटच्या काही मिनिटांत दोन गोल होऊन चेन्नईयिनने 3-2 असा सामना नेला. ती रात्र ज्यांनी पाहिली त्यांच्याशी त्या विषयावर बोलू नये. 2016 साली तोच झिको, तोच क्लब आणि आठ संघांत आठवा क्रमांक. कोचवादी तटाला हा आकडा दाखवून पाच मिनिटे गप्प बसवता येते.

सहाव्या मिनिटाला ते आर्मांदो कुलासोंचे नाव काढतात. धेंपो क्लबने 2004-05 ते 2011-12 या काळात देशाची लीग पाच वेळा जिंकली आणि पाचही वेळा कोच कुलासो. परदेशातून आणलेला नव्हे, आपल्याच मातीतला माणूस. यावर मधल्याच्या तटाने विचारावे, ‘आणि मध्ये कोण होता?’ ब्राझीलचा बेतो होता, क्लायमॅक्स लॉरेन्स होता, क्लिफर्ड मिरांडा होता, पुढे गोल मारायला रँटी मार्टिन्स होता. असल्या पोरांना घेऊन आमचा खजिनदारसुद्धा दोन लीग जिंकला असता, असे एकाने म्हटले. खजिनदाराने लाजून मान्य केले.

माझ्या मते खरा धडा 2020 सालचा आहे आणि तो दोन्ही तटांना झोंबतो. सर्जियो लोबेरा हा स्पॅनिश कोच एफसी गोवाला जवळजवळ तीन हंगाम देखणा फुटबॉल खेळवत होता. संघ लीगमध्ये वरच्या स्थानी असताना, तीन सामने बाकी ठेवून, क्लबने त्याला निरोप दिला. क्लिफर्ड मिरांडाने हंगामी सूत्रे घेतली आणि संघाने ते तिन्ही सामने जिंकले. जमशेदपूरला तर 5-0 असे हरवून लीगची शील्ड आणली. कोच गेला तरी गाडी थांबली नाही. मधल्याच्या तटाची दिवाळी! कारण मध्ये ह्युगो बुमूस होता, हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू. पण पुढच्याच हंगामात लोबेरा मुंबई सिटीला गेला, आणि बुमूस? तोही तिकडेच. मंदार राव देसाई, अहमद जाहू, मुर्तदा फॉल हेही गेले. साथीमुळे तो अख्खा हंगाम गोव्यातच, रिकाम्या मैदानांवर झाला. मुंबईने उपांत्य सामन्यात गोव्यालाच पेनल्टींवर बाहेर काढले आणि 13 मार्च 2021 रोजी चषक उचलला तो फातोर्ड्यात. म्हणजे आपण मास्तर घालवला, मधला घालवला आणि मंडप तेवढा आपला राहिला. लग्न दुसऱ्याचे.

आता प्रत्यक्ष निवडीकडे वळू.

कोच नेमताना परवाना बघतात. आशियाई फुटबॉल महासंघाचे परवाने सी, बी, ए आणि प्रो असे चढत जातात. आम्ही एका उमेदवाराला परवाना मागितला, तर त्याने चारचाकीचा दाखवला. त्याला लगेच घेतले, कारण टेम्पो चालवायला कुणी नव्हते. गेल्या काही वर्षांत मानोलो मार्केझ एकाच वेळी एफसी गोवा आणि भारताचा राष्ट्रीय संघ सांभाळत होता, तेव्हा लोकांना केवढे आश्चर्य वाटले. आमचा कोच टेम्पो चालवतो, पाण्याच्या बाटल्या भरतो आणि पंच आला नाही तर शिट्टीही वाजवतो.

उमेदवाराला करार होईपर्यंत मैदान दाखवू नये. एकाला दाखवले, तर त्याने ‘फॉर्मेशन कुठले खेळवता?’ असे विचारले. खाजनात फॉर्मेशन जमीन ठरवते. एका अंगाला बांध, दुसऱ्या अंगाला मानस, म्हणजे खाडीचे पाणी अडवणारे दार. म्हणून लेफ्ट आऊट पोहणारा हवा. उजवीकडे म्हशी चरतात, तिथे शांत स्वभावाचा मुलगा उभा करतात. हे ऐकून उमेदवार म्हणाला की विचार करून कळवतो. त्याचा विचार अजून चालू आहे.

मधला शोधणे याहून अवघड. त्याला मैदानावर शोधू नये. मैदानावर सगळेच चेंडूकडे बघतात. मधला चेंडू पायात येण्याआधी इतर सगळीकडे बघून घेतो, आणि ही नजर पायांनी येत नाही. ती पंगतीत दिसते. देवळाच्या समाराधनेला वाढायला पंधरा पोरे असतात. चौदा जण समोरच्या पानाकडे बघतात. एकाच्या हातात भाताचे पातेले पहिल्या पानावर असते आणि डोळे चौथ्या पानावर, जिथे डाळ संपत आली आहे. तो डाळवाल्याला नुसती मान हलवून खूण करतो आणि डाळ पोचते. त्या पोराचे नाव लिहून घ्यावे. त्याला बूट आहेत का हे नंतर विचारावे.

आम्हाला असा एक मिळाला होता. वय एकोणीस, अंगाने काटकुळा, पायाने सरळ फारसे मारता येत नव्हते, पण त्याने दिलेला पास घ्यायला आमचा सुस्त फॉरवर्डही पळू लागला, कारण चेंडू आपल्यापर्यंत येतो हे त्याला आयुष्यात पहिल्यांदा कळले होते. आम्ही दोन सामने ओळीने जिंकलो. गावात वातावरण असे झाले की कुणीतरी ढोल आणला. तिसऱ्या सामन्याच्या आदल्या दिवशी पोराची शिफ्ट बदलली. मोपाचा विमानतळ जानेवारी 2023 मध्ये सुरू झाल्यापासून पेडणे तालुक्यातल्या फुटबॉलचे वेळापत्रक विमानांच्या हाती आहे. आम्ही विनंती करायला घरी गेलो. आवय म्हणाली, ‘फुटबॉल पोट भरता?’ समितीच्या एकवीस जणांपैकी एकालाही उत्तर देता आले नाही. तिसरा सामना आम्ही 6-0 ने हरलो.

त्या रात्रीच्या बैठकीत मला या साऱ्या वादाचे मर्म कळले, ते इथे प्रथमच उघड करतो. हरल्यावर कुणाला तरी काढावे लागते. समिती स्वतःला काढत नाही. खेळाडूंना काढावे तर प्रत्येकाचा काका समितीत आहे. कोच हा असा एकमेव माणूस, ज्याचा गावात काका नाही. म्हणून दरवर्षी बहुमत कोचच्या बाजूने पडते. मधला हवा असतो जिंकण्यासाठी आणि कोच हवा असतो हरण्यासाठी. आमच्यासारख्या मंडळाला यातले कशाचे काम जास्त पडते, हे वाचकांनी ओळखावे.

माझे मत विचाराल तर पोरगा शोधावा. कोच सहा महिन्यांचा पाहुणा असतो. पंगतीत नजर फिरवणारे पोर गावातच राहते, निदान शिफ्ट बदलेपर्यंत. पण त्याला तेरा-चौदाव्या वर्षी हेरावे लागते, दररोज तासभर चेंडू पायात द्यावा लागतो आणि चार-पाच वर्षे कुणी टाळ्या वाजवत नाही. हे समितीला मानवत नाही. समितीची मुदत एक वर्षाची असते.

पोराला चेंडू द्यायचा म्हटले, तर चेंडू हवा. परवाच्या बैठकीत दोन्ही तटांचे म्हणणे ऐकून झाल्यावर एका शाळकरी मुलाने दारातून विचारले, ‘बॉल खंय आसा?’ एकवीसही जण एकमेकांकडे बघू लागले.

तरी गेल्या मे महिन्यात शेवटचा सामना झाल्यावर ज्या कुणी मंडळाचा चेंडू घरी नेला असेल, त्याने तो येत्या रविवारी संध्याकाळी पाचच्या आत सभामंडपात आणून द्यावा. नाव विचारले जाणार नाही. हवा आम्ही भरू.