सारख्या लांबीची वायर

नानांकडे पत्रिका द्यायला गेलेला माणूस जिन्याखालचे तीन इन्व्हर्टर पाहिल्याशिवाय सुटत नाही. अलिबागच्या आमच्या आळीला हे पाठ आहे. तुमच्याही आळीत असा एक असणारच. पाच-पाच केव्हीएचे तीन डबे भिंतीला टांगलेले, त्यांना जोडणारी कम्युनिकेशन केबल. एक मास्टर, बाकीचे दोघे त्याचं ऐकणारे. "पॅरललला नुसती वायरीला वायर जोडून भागत नाही रे," नाना सुरू होतात. "व्होल्टेज जुळायला हवं, ५० हर्ट्‌झ जुळायला हवेत, फेजसुद्धा. नाहीतर एकमेकांनाच जाळतील." इथपर्यंत ठीक. मग खिशातून टेप निघते.

बॅटरीपासून प्रत्येक डब्यापर्यंतची वायर सारख्याच लांबीची हवी, हे खरंच आहे. आखूड वायरीतून करंट सहज जातो, मग त्याच डब्यावर ओझं पडतं. पण नानांनी हा नियम संसारालाच लावला. गणपतीच्या माळा मोजतात. वाळत घालायच्या दोऱ्या मोजतात. पुतणीच्या लग्नात वाढपी थांबवून, दोन्ही पंगती भाताच्या पातेल्यापासून सारख्या अंतरावर आहेत का, ते टेप लावून पाहिलं. भात निवला. "अहो, आता माझी जीभ तेवढी मोजायची राहिलीय," काकू म्हणाल्या.

हे खूळ शिरलं ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर. ऊन लख्ख, छपरावरची सोलर पॅनेलं शाबूत आणि घरात अंधार. ग्रिडची वीज गेली की साधा ऑन-ग्रिड इन्व्हर्टर स्वतःच बंद पडतो, नाहीतर लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसेल. नानांना कारण पटलं, पण अंधारात बसून पटलं. तो अपमान त्यांनी ग्रिड गेली तरी बॅटरीवर चालणारे तीन हायब्रिड इन्व्हर्टर आणून धुऊन काढला.

गेल्या पावसाळ्यात तार तुटली, तेव्हा नानांनी रात्रीच चार घरांना वायरी टाकल्या. आधी त्यातल्या एका घरच्या आजींच्या ऑक्सिजनच्या मशीनला. "दिवा, पंखा, मोबाइल. मिक्सर लावलात तर याद राखा!" चारही वायरी अर्थातच एका मापाच्या. आमचं घर त्यांच्या कुंपणाला लागून, त्यामुळे उरलेल्या वायरीचं भलंमोठं वेटोळं आमच्या दारात.

"नाना, इथे कशाला सारखी लांबी? हा काही बॅटरीचा मामला नाही."

"माहितीये. पण उद्या कुणी म्हणायला नको, त्याला जवळून दिली न्‌ मला लांबून."

वेटोळ्यातली वायर तापते, म्हणून ते रात्रभर टॉर्च घेऊन तिला हात लावून बघायला येत होते, आणि प्रत्येक वेळी कडी वाजवून "ठीक आहे हं" असं सांगून जात होते. पंखा फिरत असूनही आम्हाला झोप म्हणून लागली नाही.