सीवूड्सचे वाइनपंडित

सीवूड्सच्या प्रत्येक सोसायटीत एक वाइनपंडित असतोच. हे गृहस्थ नाशिकच्या वायनरीत जेमतेम एकदा जाऊन आलेले. पण बोर्दोचा विषय निघाला की आजोळच्या वाड्याबद्दल बोलावं तसे बोलतात. त्यांच्याकडे जेवायला गेलात तर ताटाआधी व्याख्यान वाढलं जातं.

सध्या त्यांना स्वदेशीचा झटका आला आहे. शिराझ? फ्रान्सचं. कॅबर्ने? तेही तिकडचंच. "दिंडोरीत वाढलं म्हणून काय झालं, आडनाव बघा!" असं म्हणत ते अस्सल मराठी लाल द्राक्ष शोधायला वाशीच्या एपीएमसीत गेले. व्यापाऱ्याने शरद सीडलेसची पेटी पुढे केली. हा वाण सोलापूरच्या नान्नजचा.

"वाइनला मणी बारीक हवा, साल जाड हवी, बी हवी. रंग सालीतून येतो, तुरटपणा साल आणि बीमधून."

"बीवालं द्राक्ष इथं फुकट ठेवलं तरी कोण उचलत नाही, साहेब."

अखेर स्थळ सापडलं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचं एआरआय-५१६: रसाला, जॅमला, लाल वाइनलाही चालणारं, ११० ते १२० दिवसांत पिकणारं. पत्रिका उघडली तर एकीकडून कॅटवबा, दुसरीकडून ब्यूटी सीडलेस. दोन्ही घराणी अमेरिकेची. पंडितांनी निकाल दिला, "जन्म पुण्याचा ना? मग आजोळ विचारू नये."

पण बाटली कुठे मिळेना. म्हणून रविवारी पाहुण्यांपुढे पुन्हा नाशिकचं शिराझच आलं.

करावे गावातल्या आगरी मित्राने सुकं मटण आणि तळलेला बांगडा आणला होता. पंडित सरसावले. मटणाला शिराझ उत्तम, बांगड्याला नाही. लाल वाइनमधलं लोह आणि माशाचं तेल एकत्र आलं की गंजलेला खिळा चघळल्यासारखं लागतं. रस्सा झणझणीत असेल तर थंडगार शेनिन ब्लाँ, कारण टॅनिन आणि अल्कोहोल दोन्ही तिखट भडकवतात.

"आणि रेड वाइन नेहमी रूम टेंपरेचरलाच!"

ही रूम युरोपातली, १६ ते १८ अंशांची. पंडितांच्या हॉलमध्ये मे महिना होता आणि पंखा गरम हवा ढवळत होता. मित्राने शांतपणे ग्लासात बर्फाचे दोन खडे टाकले, बांगड्याचा तुकडा मोडला आणि वर एक घोट घेतला.

"खिळा?" पंडितांनी आशेने विचारलं.

"नाय बा. मस्त लागतंय."

दुसऱ्या ग्लासाच्या वेळी पंडितांनी सगळ्यांची नजर चुकवून बर्फाचं भांडं स्वतःकडे ओढलं. बांगडा तोवर संपला होता.