पंचविसावा

मुंबईच्या राजाबाई टॉवरवर चोवीस माणसं राहतात. दगडाची आहेत, म्हणून फोर्टात राहणं परवडतं.

लोक टॉवरला घड्याळासाठी ओळखतात, पण तो उभा आहे मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयावर. काम 1878 साली पुरं झालं. आराखडा लंडनच्या सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा. साहेब हिंदुस्थानात कधी आलेच नाहीत. कमानी, खांब कागदावरून धाडता आले. इथली माणसं कशी धाडणार? ती रावबहादूर मुकुंद रामचंद्र या इथल्याच इंजिनिअरनं पोरबंदरी दगडात घडवली. पश्चिम हिंदुस्थानातल्या जातीजमातींचा एकेक नमुना. मान मोडेस्तोवर वर बघितलं तरी खालून चेहरे नीट दिसत नाहीत. कोण कुठला ते पागोट्यावरून ताडायचं. डोक्यावर काय आहे ते बाहेर, डोक्यात काय घालायचं ते आत. जाती पावसात उभ्या आणि पुस्तकं कोरडी, ही व्यवस्था मला तरी फार पटते.

पैसे प्रेमचंद रायचंद यांचे. राजाबाई त्यांच्या आईचं नाव. अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस विलायतेतल्या गिरण्यांना मिळेना, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या तेजीत, 1864 मध्ये, शेठजींनी देणगी दिली. 1865 मध्ये युद्ध थांबलं, भाव कोसळले, शेठजीही बुडाले. देणगीला वर्षभर उशीर झाला असता, तर चोवीसही जण बेघर!

आता आमचं यवतमाळी गाऱ्हाणं. एवढी इमारत कापसाच्या तेजीवर उठली, मुंबईच्या बाजारात वऱ्हाडचाही कापूस होता, मग त्या चोवीसांत आमचा कास्तकार कुठाय? उत्तर सरकारी आहे: वऱ्हाड तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हतंच. 1853 मध्ये इंग्रजांनी ते निजामाकडून कारभारासाठी घेतलेलं, त्याचं दप्तर वेगळं. कारण रास्त आहे. पण बाप्पा, कापूस घेताना हद्द कोणी विचारली होती?

पंचविसावी मूर्ती बसवा, असं मी म्हणणार नाही. वारसा इमारतीला हात लावायचा तर परवानग्यांतच दोन हंगाम जातील. तुम्ही मुंबईला गेलात तर एवढंच करा: ओव्हल मैदानात उभे राहा, सोबत दुर्बीण न्या, आणि घड्याळाच्या आधी माणसं बघा.