चंपजींदप

लेख सुचेनासा झाला की कोणी फिरायला जातं, कोणी पानठेल्यावर खर्रा घोटून घेतं. मी संगणकाचे रंग बदलतो. पहिलं वाक्य अडलेलं असताना खिडकीची पट्टी जांभळी करावी की वांगी, हा प्रश्न मला फार निकडीचा वाटू लागतो. रंग जमले की लेख आपोआप उतरेल, अशी माझी पक्की श्रद्धा आहे. तिला अजून एकही पुरावा मिळालेला नाही, पण श्रद्धेला पुरावा मागणारे आपण कोण?

विंडोज एक्सपीचे दिवस होते. नागपुरातल्या एका दिवाळी अंकाचं काम अगदी गळ्याशी आलं होतं. गणपती कधीच उठले होते, जाहिराती लागल्या होत्या, माझा विनोदी लेख तेवढा यायचा होता. संपादकांनी मला घरून उचलून आणलं आणि डीटीपीच्या टेबलाशी बसवलं. ऑपरेटर ताई जेवायला गेल्या होत्या. "त्या येईस्तोवर पान तरी पूर्ण करा," असं म्हणून संपादकही चहाला गेले. एकट्या लेखकाला संगणकासोबत सोडू नये, हे तेव्हा कचेरीत कोणाला माहीत नव्हतं.

ताईंचा पडदा फिक्कट हिरवा होता, सरकारी दवाखान्याच्या भिंतीसारखा. दिवसभर अक्षरांकडे बघून डोळे दुखू नयेत म्हणून त्यांनी पांढऱ्याचा हिरवा केला होता, मेनूची अक्षरं मोठी केली होती, आणि ही सगळी मांडणी 'डीटीपी' या नावाने थीम म्हणून जपून ठेवली होती. असल्या हिरव्यात विनोद कसा फुलणार? मी डेस्कटॉपवर उजवी टिचकी मारली, प्रॉपर्टीजमध्ये शिरलो आणि अपीअरन्समधून अ‍ॅडव्हान्स्ड गाठलं. तिथे एकेका अवयवाचा रंग वेगळा निवडता येतो. अंग जांभळं, काठ मोरपंखी, निवडलेल्या ओळीवर जर, आणि पडद्यामागे पदराचा फोटो. या थीमला 'पैठणी' नाव दिलं आणि सेव्ह केली. (फार हसू नका. १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये 'हॉटडॉग स्टँड' नावाची लालभडक-पिवळीजर्द रंगसंगती खुद्द कंपनीनेच दिली होती. त्या मानाने माझी पैठणी सोज्वळ.)

इथे थांबलो असतो तर निभावलं असतं. पण पैठणी नेसलेल्या पडद्यावर 'फाइल', 'एडिट' ही इंग्रजी अक्षरं बघून माझी अस्मिता जागी झाली. फाँटची यादी उघडली, त्यात कृतिदेव दिसला. मेनूला कृतिदेव, आयकॉनला कृतिदेव, मेसेज बॉक्सला कृतिदेव. अप्लाय!

आता या जुन्या फाँटांचं असं असतं की ते मराठी वगैरे काही जाणत नाहीत. इंग्रजी अक्षराच्या जागेवर देवनागरीचा एकेक तुकडा बसवलेला असतो, रेमिंग्टन टाइपरायटरच्या क्रमाने. संगणक आपला 'एफ' म्हणतो, पडद्यावर अर्धा 'थ' उमटतो. म्हणजे मेनूचं मराठीत भाषांतर होईल ही माझी अपेक्षा होती, आणि समोर आलं ते असं: थ्पसम, म्कपज, टपमू. 'टूल्स'चं झालं ज्ववसे, 'हेल्प'चं भ्मसच. डेस्कटॉपवर कचऱ्याच्या डब्याखाली लिहून आलं होतं, त्मबलबसम ठपद.

मला आवडलं, हे कबूल केलं पाहिजे. टपमू हा शब्द कुठल्याही विनोदी लेखात खपला असता. हे रूप हातचं जाऊ नये म्हणून मी ते पुन्हा 'पैठणी'वरच सेव्ह करायला गेलो. समोर दोन फायली आल्या. एक 'कजच' आणि दुसरी 'चंपजींदप'. चंपजींदप हे नाव इतकं भारदस्त होतं की ती यंत्राच्या पोटातली काहीतरी नाजूक फाइल असणार, तिला हात लावण्यात शहाणपण नाही, असं मी ठरवलं आणि 'कजच'वर दोनदा टिचकी मारली. एक चौकट उघडली. तिच्यात दोन ओळींचा अगम्य मजकूर, खाली दोन बटणं: 'ल्मे' आणि 'छव'. 'छव' हे 'छे'च्या जवळचं, म्हणजे नकार. हा तर्क अगदी बरोबर निघाला, याचा मला आजही अभिमान आहे. मी 'ल्मे' दाबलं.

'कजच' म्हणजे 'डीटीपी'.

ताई आल्या, उभ्याउभ्याच बघत राहिल्या. "भाऊ, हे काय करून ठेवलं जी?" मी अस्मितेबद्दल बोलू लागलो. त्यांनी ऐकून न घेता यादीतली मूळ एक्सपीची थीम लावली. निळी पट्टी आली, ती जगप्रसिद्ध हिरवी टेकडी आली, मेनू वाचता येऊ लागला. पण त्यांचा तो डोळ्यांना मानवणारा हिरवा गेला होता. मग त्यांनी खण उघडला आणि एका जुन्या प्रुफाच्या पाठकोऱ्या बाजूवर छापलेला मजकूर काढला. थीमची फाइल म्हणजे साधा मजकूरच असतो, नोटपॅडमध्ये उघडते. प्रत्येक रंगाच्या नावापुढे तीन आकडे: लाल किती, हिरवा किती, निळा किती. 'विंडो' पुढे १९९ २३७ २०४. तोच तो दवाखाना. ताईंनी आकडे बघून बघून टाइप केले. "लेखक लोक येतात म्हणून छापून ठेवलं," म्हणाल्या.

पैठणी मी पेन ड्राइव्हवर घरी नेली. तिथे लावली तर पदराचा फोटो गायब, कारण थीममध्ये चित्र नसतं, ते कुठे ठेवलंय त्याचा पत्ता तेवढा असतो, आणि तो पत्ता कचेरीतल्या संगणकाचा होता. चित्रासकट सगळं गाठोडं बांधून देणारी सोय पुढे विंडोज ७ मध्ये आली. कृतिदेव तर 'कजच'वर सेव्ह झाला होता, पैठणीत तो नव्हताच, त्यामुळे जांभळ्या मेनूवर 'फाइल', 'एडिट' स्वच्छ इंग्रजीत वाचता आलं. भाचा बघून म्हणाला, "मामा, रंग सोडला तर बरं दिसतंय."

लेख शेवटी मी कागदावर हाताने लिहून दिला. ताईंनी तो आपल्या हिरव्या पडद्याशेजारी टेकवला, चष्मा वरखाली केला आणि दुसऱ्याच ओळीवर बोट ठेवून विचारलं, "भाऊ, हे चंपजींदप लिहिलंय का जी?"

तिथे मी 'महाराष्ट्र' लिहिलं होतं.