जे गेलं ते बघायला चला

डिसेंबर उजाडला की सोलापुरातला प्रत्येक कमावता माणूस प्रवासवर्णनकार होतो. वर्षभरात बघितलेल्या बागा, चढलेले डोंगर आणि चाखलेली जेवणं यांची यादी त्याला तोंडपाठ असते. बाग उटीची, डोंगर मनालीचा, जेवण गोव्याचं. 9 जून 2025 ला होटगी रोडच्या विमानतळावरून गोव्याचं विमान उडायला लागलं. तेव्हापासून ज्यांची मजल तुळजापूरच्या पुढे जात नव्हती, तेही हरमल आणि कळंगुटच्या वाळूतला फरक समजावून सांगू लागलेत. "काय मालक, यंदा कुठं?" असं सहज विचारायची सोय राहिलेली नाही. विचारणाऱ्याचा चहा थंड होतो आणि उत्तर अजून विमानतळाच्या आतच फिरत असतं.

या याद्यांमध्ये सोलापूर जिल्हा कधीच नसतो. हा अन्याय दूर करण्यासाठी या सदराने यंदा स्वतःची पारितोषिकं जाहीर करायचं ठरवलं आणि त्यासाठी त्रिसदस्यीय समिती नेमली. एक निवृत्त मुख्याध्यापक, एक यंत्रमाग विकून बसलेले अण्णा आणि एक पदवीधर तरुण, ज्याची बॅग पुण्याला जाण्यासाठी कायम भरलेली असते. अट एकच : स्थळ जिल्ह्यातलं किंवा शेजारचं हवं. बैठकीची तारीख ठरवायला मात्र फार वेळ गेला. तिघांच्या घरी पाण्याची पाळी वेगवेगळी. बाहेरगावचा माणूस सुट्टी बघून तिकीट काढतो, सोलापूरकर आधी पाण्याची पाळी बघतो. अखेर तिघांच्याही घरी नळ कोरडा असलेला एक मुहूर्त सापडला आणि पार्क चौकात भेळेच्या गाडीजवळ समिती बसली. इतिवृत्त भेळेच्याच कागदावर लिहिलं असल्याने काही ठिकाणी चिंच लागली आहे, ती वाचकांनी गोड मानून घ्यावी.

पहिला विभाग, उद्यान. मुख्याध्यापकांनी हुतात्मा बागेचं नाव सुचवलं. किल्ल्याची तटबंदी, सावली, मुलांना खेळायला जागा, सगळं आहे. त्यांनी तिथेच एक उपस्पर्धाही जाहीर केली. ज्या चौघांच्या नावाने ही बाग आहे, त्यांची नावं जो एका दमात सांगेल त्याला भेळ फुकट. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी झाली. बैठक संपेपर्यंत भेळवाल्याचं एका पैशाचंही नुकसान झालं नव्हतं.

पण पारितोषिक गेलं नान्नजच्या माळढोक अभयारण्याकडे. आकाराच्या निकषावर दुसरं कोणी जवळपासही पोचत नव्हतं. 1979 साली घोषित झालेलं हे अभयारण्य कागदावर 8,496 चौरस किलोमीटरांचं होतं. म्हणजे गोव्यासारखी दोन राज्यं आत बसवून वर पार्किंगला जागा उरेल. मोहोळ, माढा, करमाळा आणि पलीकडे नगर जिल्ह्यातला मुलूखही त्यात होता. लाखो माणसं अभयारण्यात जन्मली, शिकली, लग्नं करून मोकळी झाली, आणि त्यांना हे कळलं ते जमीन विकायला गेल्यावर. परवानगी पक्ष्याच्या नावाने अडली, म्हणून ज्या पक्ष्याला कधी पाहिलं नाही त्याच्यावर शेतकऱ्याने मनापासून राग धरला. पुढे हद्द कमी करून 1,222 चौरस किलोमीटरांवर आणली. तोवर माळढोकाने स्वतःची संख्या त्याहून जास्त वेगाने कमी केली होती. वर्षाला बहुधा एकच अंडं घालणारा हा पंधरा किलोंपर्यंत वजनाचा पक्षी. अलीकडच्या गणनांमध्ये एखादाच दिसला तरी वनखात्याला हायसं वाटतं. पर्यटक मनोऱ्यावर चढतात, काळविटांचा कळप बघतात आणि मुलांना सांगतात, "तो बघ, आत्ताच उडून गेला." मुलंही मान डोलावतात. येताना नान्नजची सोनाका द्राक्षं घेतली की सहल पूर्ण. गवताळ माळ मात्र ओसाड जमीन म्हणून नोंदवायची आपली जुनी सवय आहे. झाड दिसलं की आपल्याला जंगल वाटतं, गवत दिसलं की प्लॉट.

दुसरा विभाग, गिर्यारोहण. इथे समिती बराच वेळ गप्प बसली. शहर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटरवर, आणि सगळंच्या सगळं त्याच पातळीवर. किल्लासुद्धा भुईकोट. पायथा आणि शिखर एकाच तिकिटात. "चढायला काय आहे बे आपल्या गावात? गच्चीचा जिना!" अण्णा म्हणाले. त्यांचं म्हणणं विनोदाने घेऊ नये. टाकीत पाणी किती उरलं ते बघायला मे महिन्याच्या भर दुपारी गच्चीवर जाणं हा चव्वेचाळीस अंश सेल्सियसमधला अवघड श्रेणीचा ट्रेक आहे.

तरुणाने नळदुर्ग सुचवला. सोलापूरपासून तासाभराच्या अंतरावर बोरी नदी अडवून बांधलेला बंधारा, त्याच्या पोटातला पाणीमहाल आणि पावसाळ्यात वाहणारे नर-मादी धबधबे. इब्राहिम आदिलशहाच्या काळात माणसं पाण्याच्या पडद्याआड बसून गार हवा खात होती, हे ऐकून अण्णांनी पाण्याची पाळी काय होती एवढंच विचारलं. जिल्हा धाराशिव, म्हणजे शेजारचा; पण मुद्दा चढण्याचा नव्हता, त्यामुळे नळदुर्गाला उत्तेजनार्थ ठेवलं.

मुख्य पारितोषिक मरणोत्तर द्यावं लागलं. सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची सुमारे 90 मीटर उंचीची चिमणी हे या परिसरातलं निर्विवाद शिखर होतं. विमानाच्या वाटेत येते म्हणून वर्षानुवर्षं वाद, मोर्चे, खटले झाले आणि 15 जून 2023 रोजी ती पाडली. उभी होती तोवर तिच्याकडे मान वर करून बघणारे फक्त वैमानिक आणि वकील. पडायच्या दिवशी मात्र अख्खं शहर मोबाइल उंचावून उभं होतं. काही सेकंदांत धूळ बसली आणि जिल्हा पुन्हा सपाट झाला. आता त्या रिकाम्या हवेतून आपण गोव्याला जातो, आणि खिडकीतून खाली बघत म्हणतो, "इथं होती बघा."

इथे मुख्याध्यापकांनी एक रास्त हरकत घेतली. चढ नसला म्हणून चालणंही नाही का? जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याची यात्रा असते. हिरेहब्बू वाड्यापासून सात नंदीध्वज निघतात. पांढरी बाराबंदी घातलेले तरुण दुमजली घराएवढी काठी कमरेच्या आधाराने पेलत, अनवाणी, शहराभोवतीच्या 68 लिंगांना प्रदक्षिणा घालतात. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांनी आखून दिलेला हा मार्ग. याच्यापुढे कुठल्याही ट्रेकिंग क्लबने बूट काढून ठेवावेत. समितीला मुद्दा पटला. पण त्यासाठी बूट, काठी, जॅकेट यांपैकी काहीच विकत घ्यावं लागत नाही आणि दमून परतल्यावर प्रमाणपत्रही मिळत नाही. हा प्रकार पर्यटनात बसत नाही, असा निर्णय दोन विरुद्ध एक मतांनी झाला.

तिसरा विभाग खरं तर नव्हता. पण उजनीचा विषय निघाला आणि जलपर्यटनाचं विशेष पारितोषिक काढावं लागलं. जगात इतरत्र धरण भरतं किंवा रिकामं होतं. आमचं उणे होतं. उजनीची क्षमता 117 टीएमसी, त्यातला निम्म्याहून जास्त साठा मृत धरलेला. पाणी त्या रेषेखाली गेलं की टक्केवारी शून्याच्या खाली मोजतात. 2024 च्या उन्हाळ्यात ती उणे पन्नासच्याही खाली उतरली. मुख्याध्यापक म्हणाले, ऋण संख्या शिकवायला इतकं मोठं शैक्षणिक साहित्य दुसऱ्या कुठल्या जिल्ह्याकडे नसेल. धरण असं उणे झालं की इंदापूरच्या काठावर पळसदेवचं बुडालेलं पळसनाथ मंदिर वर येतं. मग गाड्यांच्या रांगा लागतात, ड्रोन उडतात, चिलापीच्या ताटावर ताटं उठतात. उरलेल्या दलदलीत फ्लेमिंगो उभे असतात, तेही फोटोत येतात. दुष्काळ जितका कडक, तितकं मंदिर मोकळं. पारितोषिक पळसनाथाला. परतीच्या वाटेवर पर्यटक एकमेकांना विचारतात, "आज आपल्याकडं पाणी होतं का रे?"

चौथा विभाग भोजनाचा. इथे नामांकनं इतकी आली की कागद पुरला नाही. अण्णांचं मत सावजी रश्श्याला, तरुणाचं डिस्को भज्यांना. मुख्याध्यापक अक्कलकोटच्या अन्नछत्रातल्या प्रसादावर ठाम. हुरडा पार्टीचं नाव निघालं आणि लगेच बाद झालं. पूर्वी शेतकरी "हुरड्याला या" म्हणायचा आणि आपण जायचं. आगटीत कणसं भाजायची, हातावर चोळून फुंकायची, खायची, आणि निघताना वर वाळलेली बोरं बांधून मिळायची. आता त्याच रानाला कमान आहे, माणशी दर आहे, बैलगाडीची फेरी आहे आणि टँकरच्या तालुक्यात रेन डान्सही आहे.

मग तरुणाने एक शोधक प्रश्न विचारला. गोव्याला, मनालीला जाऊन आलेल्या माणसांना सगळ्यात जास्त आवडलेलं जेवण खरोखर कोणतं होतं? समितीने ओळखीच्यांची उलटतपासणी घेतली. सुरुवातीला सगळ्यांनी माशांची आणि मोमोंची नावं घेतली. जरा दरडावल्यावर सत्य बाहेर आलं. तिसऱ्या दिवशी रात्री, हॉटेलच्या खोलीचं दार आतून लावून, बॅगेच्या तळातून कडक भाकरी काढली होती. ती दह्यात कुस्करली, वर शेंगाचटणी घातली आणि कोणाशीही न बोलता खाल्ली. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्या ज्वारीची पातळ, खडखडीत, तीळ लावलेली भाकरी पंधरा दिवस टिकते आणि उखळात कुटून तेल सुटलेली चटणी त्याहून जास्त. भोजनाचं पारितोषिक एकमताने शेंगाचटणीला. स्थळ : गोवा, मनाली, उटी, सिंगापूर.

निकाल जाहीर करताना समितीला एक गोष्ट खटकली. उद्यान जिंकलं ते पक्षी गेला म्हणून. शिखर जिंकलं ते पडलं म्हणून. मंदिर जिंकलं ते पाणी आटलं म्हणून. जे शाबूत आहे, ते मतदानालाच उतरलं नाही. भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडल आहे. 359 मुखं कोरलेलं शिवलिंग आहे आणि आनंद कुंभार यांनी उजेडात आणलेला शके 940, म्हणजे 1018 सालचा मराठी शिलालेख आहे. वाचणारा विजयी होईल, असा त्याचा आशय. सोलापूरहून जाऊन यायला अर्धा दिवस पुरतो. समितीतल्या तिघांपैकी किती जण गेले होते, हे विचारल्यावर भेळेची दुसरी फेरी मागवण्यात आली.

तेव्हा पर्यटन विकासासाठी समितीची एकच शिफारस आहे, आणि तिला निधी लागत नाही. नुसत्या पाट्या लावा. कुडलला लिहा, "शिलालेख पुढच्या महिन्यात लंडनला हलवणार." किल्ल्यावर लिहा, "तटबंदी शनिवारी पाडणार, वेळेत यावे." नान्नजच्या माळावर लिहा, "गवताचा शेवटचा आठवडा." सिद्धेश्वर तलावाकाठी लिहा, "येथे लवकरच वाहनतळ." मग बघा, गोव्याचं विमान रिकामं जातं की नाही ते.

फक्त शेंगाचटणीच्या दुकानावर अशी पाटी चुकूनही लावू नका. त्या दिवशी पाण्याची पाळी असली, तरी लोक नळ तसाच वाहता सोडून धावत सुटतील.