डेक कितव्या फुटावर?

बडोद्यात विश्वामित्रीकाठी झाडावर केबिन बांधायची हौस असेल, तर सागवानी डेक, काचेची भिंत वगैरे नंतर बघू; आधी उंची ठरवा. ऑगस्ट 2024च्या पुरात नदी 35 फुटांच्या वर गेली आणि अकोट्यात एका घराच्या छपरावर मगर निवांत पसरलेली अख्ख्या देशाने पाहिली. म्हणजे ‘रिव्हर व्ह्यू’ दोन्ही बाजूंनी! शौचालयाचा पाइप कुठे सोडणार, ते नकाशात नसलं तरी चालेल; शहराचं सांडपाणी पचवून जगणाऱ्या नदीतल्या मगरींना ते सांगायला नको. जिना मात्र वर ओढून घेता येईल असाच करा. मगरींसाठी नव्हे हो, त्या पोहतच येतील. परवानगीचा कागद मागणाऱ्यांसाठी.